चिंचोक्याएवढी गाठ

हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी तेव्हा साखऱ्याच्या प्राथमिक शाळेत शिकवत होते. आम्ही राहायचो सेनगावात. माझे मिस्टर एसटीत कंडक्टर होते, हिंगोली डेपोला. घरात ते, मी, सासूबाई आणि आमची एकुलती एक मुलगी. ती सातवीत होती.

रविवारची सकाळ होती. आमची न्हाणी म्हणजे मागच्या अंगणात तीन बाजूंनी पत्रे आणि चौथीकडे जुन्या लुगड्याचा पडदा. थंडी म्हणून मी घाईघाईनं अंग चोळत होते. डाव्या छातीला साबण लावताना बोटाखाली काहीतरी आलं. वाटलं, साबणाचा तुकडा चिकटला. वरून पाणी ओतलं, पुन्हा हात फिरवला. ते होतं तिथंच होतं. कातडीच्या वर नव्हतंच, आत होतं. चिंचोक्याएवढं, चिंचोक्यासारखंच गुळगुळीत आणि टणक.

मी दगडावर बसून राहिले. बाहेरून मुलगी ओरडली, "आई, किती येळ? माझं पाणी थंड होऊन राहिलं!"

"आले," मी म्हणाले. आवाज नेहमीसारखाच निघाला, याचं मला नवल वाटलं.

बाईच्या अंगाला शंभर गाठीगुठी येतात, जातात. दुसरी कुणी असती तर विसरून गेली असती. पण मला विसरता येणार नव्हतं, त्याला कारण होतं.

माझं माहेर हट्ट्याचं. आईवडील दोघंही दुसऱ्याच्या शेतात कामाला जायचे. मी नववीत असताना आमच्या घरात वास यायला लागला. कुजल्याचा वास. वडील म्हणाले, घूस मरून पडली असंल. आम्ही सगळं घर उचकटलं. कणगी हलवली, माळ्यावरचं सरपण खाली काढलं, चुलीमागची भिंत टोकरून बघितली. आई आमच्याबरोबर शोधत होती. मी वाकून कोपऱ्यात बघायचे आणि ती डालगं सरकवून मला जागा करून द्यायची. घूस काही सापडली नाही. पुढं कापूस वेचताना आई शेतात चक्कर येऊन पडली. बायांनी वारा घालायला चोळीची गाठ सोडली तर आत पाला आणि चिंध्या बांधलेल्या. वास तिथून येत होता.

त्यानंतर तिनं एक पावसाळा काढला. बाजेवर पडल्या पडल्या मला म्हणाली होती, "कुणाला सांगू बाई? आदी तर दुखतबी नव्हतं."

हे दोन शब्द, दुखत नव्हतं, माझ्या डोक्यात तेव्हापासून बसलेले. त्या रविवारी अंगावर साडी गुंडाळता गुंडाळता मी ती गाठ दाबून बघितली. जोरात दाबली. दुखली नाही.

मी कुणाला काही बोलले नाही. बोललं की ते खरं होईल असं वाटायचं. रोज सकाळी न्हाणीत जाताना मनात म्हणायचे, आज नसंल. रोज असायची. एकदा इतकी चिवडली की दुसऱ्या दिवशी तिथं ठणका लागला, आणि मला आनंद झाला. दुखतंय! दिवसभर मी वर्गात पोरांवर रागावले नाही. संध्याकाळपर्यंत ठणका गेला आणि गाठ तशीच खाली राहिली.

साखऱ्याला मी जीपनं जायचे. त्या जीपमध्ये माणसं कशी कोंबलेली असत ते त्या भागातल्यांना सांगायला नको. कुणाचं कोपर, कुणाची पिशवी, कुणाच्या मांडीवरचं लेकरू. मी पर्स डाव्या छातीशी धरून बसायला लागले. कुणाचा धक्का लागला की ती गाठ आत फुटेल आणि सगळीकडं पसरेल, असं काहीतरी माझ्या मनानं घेतलं होतं. समोरची एक बाई एकदा म्हणाली, "मॅडम, लई थंडी वाजून राहिली का? पाक गुरमटून बसल्या." मी हो म्हणाले.

वर्गातही हात सारखा तिकडं जायचा. फळ्यावर बेरीज लिहिताना खडू उजव्या हातात आणि डावा हात पदराखाली. मला कळायचंही नाही. दुसरीतली एक पोरगी मोठ्या काळजीनं माझ्या टेबलाशी आली. हळूच म्हणाली, "मॅडम, तुमचे पैशे पडले का?" तिची आई पैशाचा बटवा पोलक्यात ठेवत असणार. मी म्हणाले, "नाही गं, आहेत." ती जागेवर गेली, पण तिचं लक्ष दिवसभर माझ्या हाताकडंच. तेव्हा मला वाटलं, आता हे लपायचं नाही. आईनं इतके दिवस कसं लपवलं असेल?

मिस्टरांना मी एका दुपारी सांगितलं. त्यांची सुट्टी होती, सासूबाई शेजारी डाळ निवडायला गेलेल्या. ते चहा पीत होते.

"मला गाठ आहे," मी म्हणाले.

"कशाची गाठ?" त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं. मी दोरी-बिरी सोडायला आणली असं त्यांना वाटलं असावं.

मी छातीवर हात ठेवला. त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी कप खाली ठेवला.

"दुखती का?"

"नाही."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "हां! मग काय न्हाई. दुखत न्हाई म्हंजे काय न्हाई. तकलीफ असती तर गोष्ट वेगळी."

माझ्या आईचं त्यांना माहीत होतं, पण वरवर. ती आजारानं गेली, एवढंच. वासाचं, घुशीचं मी लग्नानंतर कधी बोलले नव्हते. ते त्या दुपारी सांगितलं. ते ऐकत राहिले. चहावर साय धरली. शेवटी उठून अंगणात गेले आणि उगाचच न्हाणीच्या पत्र्याचा सैल झालेला खिळा ठोकत बसले. ठोकून झाल्यावर दारातूनच म्हणाले, "उद्या हिंगोलीला जाऊ."

हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं. त्यांचे हात थंड होते. त्यांनी आधी छाती तपासली, मग काखेत बोटं रुतवून बघितलं आणि तिथं बराच वेळ लावला. काखेत कशाला बघतात ते मला ठाऊक नव्हतं. विचारायचा धीर झाला नाही. हात धुता धुता त्या म्हणाल्या, "घाबरू नका." टेबलाशी बसल्यावर म्हणाल्या, "घाबरायचं काही नाही." चिठ्ठी लिहून देताना पुन्हा म्हणाल्या, "नांदेडला सर्जनना दाखवून घ्या. घाबरू नका." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी घाबरले.

घरी आम्ही दोघं हळू आवाजात बोलत होतो. नांदेडला माझ्याबरोबर कुणी यायचं? मिस्टरांनी रजा घेतली असती तर डेपोत सगळ्यांनी विचारलं असतं. एसटीतल्या माणसाच्या घरची गोष्ट संध्याकाळपर्यंत चार तालुक्यांत पोचते. तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"काहून कुजबुजून राहिले दोघं? मी काय मेले का?"

त्यांचं आणि माझं कधी भांडण नव्हतं, पण जवळीकही नव्हती. मी शिकलेली, पगार आणणारी. त्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या बांधावर खुरपं चालवलेलं. त्या मला 'मास्तरीण' म्हणायच्या. त्यात कौतुक किती आणि टोमणा किती, हे मला कधी उलगडलं नाही. मिस्टरांनी त्यांना सांगितलं. त्यांनी मुलाला बाहेर पिटाळलं, दार लोटलं आणि मला म्हणाल्या, "दाव."

"आत्याबाई, अहो डॉक्टरांनी बघितलंय."

"डॉक्टरनं बघितलं, मी न्हाई बघितलं. दाव."

खिडकीतून ऊन येत होतं. मी पोलक्याची बटणं काढली. त्यांचा हात खरखरीत, भेगाळलेला. इतक्या वर्षांत तो माझ्या अंगाला पहिल्यांदाच लागत होता. त्यांना गाठ लगेच सापडली. अंगठ्यानं त्यांनी ती थोडी इकडं, थोडी तिकडं सरकवून बघितली. मोरीवर गेल्या आणि हात धुतले.

ते हात धुणं मला लागलं. आईला पाला बांधलेला दिसल्यावर आमच्या गल्लीतल्या बायांनी आमच्या घरचं पाणी पिणं बंद केलं होतं. हा शिवल्यानं लागणारा रोग आहे असं त्यांचं म्हणणं. मी बटणं लावत मान खाली घालून बसले. वर बघितलं तर सासूबाई त्याच ओल्या हातांनी स्वतःचे डोळे पुसत होत्या.

"मी येते नांदेडला," त्या म्हणाल्या. "पोरीला काय सांगायचं ते तुमी ठरवा."

मुलीला आम्ही सांगितलं, आजीचे डोळे दाखवायला जातोय.

मिस्टरांनी ड्यूटी बदलून नांदेडची गाडी मागून घेतली. म्हणजे आम्ही दोघी त्यांच्याच गाडीत होतो. हिंगोली सुटली, कयाधूचा पूल गेला, कळमनुरीला गाडी गच्च भरली. ते तिकिटं फाडत पुढून मागं येत, मागून पुढं जात. नवरा त्याच गाडीत, पण शेजारी बसू शकत नाही. प्रत्येक खेपेला आमच्या सीटजवळून जाताना ते पाठीमागच्या दांडीवर हात ठेवायचे, माझ्या खांद्याला बोटं लागतील असा, आणि पुढं सरकायचे. "तिकीट, तिकीट बोला." सासूबाईंनी नवं नऊवारी नेसलं होतं. त्या खिडकीतून तुरीची शेतं बघत होत्या. वारंगा फाट्याच्या पुढं एकदम म्हणाल्या, "औंदा तूर बरी हाय." मला राग आला. या बाईला तूर कशी दिसते? मग माझ्या ध्यानात आलं, मांडीवरच्या पिशवीचे बंद त्यांनी बोटांना इतके आवळून गुंडाळले होते की बोटं काळीनिळी पडली होती.

दवाखान्यात बाकांवर बायकाच बायका. आम्ही बसलो आणि थोड्या वेळानं मला तो वास आला.

इतक्या वर्षांनी तो वास मी एका क्षणात ओळखला. हट्ट्याच्या घरातला वास. पलीकडच्या बाकावर एक बाई बसली होती. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. काळी, उंच, एका खांद्यावर शाल घट्ट ओढलेली. तिच्याभोवतीची जागा रिकामी होती. बाकीच्या बायका तोंडाला पदर लावून लांब सरकल्या होत्या. मला उठून पळावंसं वाटलं, थेट बसस्टँडपर्यंत. आपल्याला काही नाही, आपण आलोच नाही, असं म्हणत.

सासूबाई उठल्या. मला वाटलं, त्या मला घेऊन दुसरीकडं बसणार. त्या जाऊन त्या बाईच्या शेजारी बसल्या आणि पिशवीतून भाकरी काढली. "सकाळपसून आल्या असाल," त्या तिला म्हणाल्या, "दोन घास खावा."

ती बाई किनवटकडची होती. भाऊ घेऊन आला होता. नवऱ्यानं आधी भगत-मांत्रिक केला, मग माहेरी आणून सोडलं. हे ती अगदी साधेपणानं सांगत होती, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. मग तिनं मला विचारलं, "तुमचं केवढं हाय?"

मी बोटानं दाखवलं.

"लहान हाय की," ती म्हणाली. "लवकर आल्या तुमी. चांगलं केलं."

सर्जनसाहेब कमी बोलणारे होते. त्यांनी गाठीत सुई घालून काहीतरी ओढून घेतलं. सुई दुखली नाही. काचेवर ते पसरवताना मी बघत होते. एवढासा लालसर ओघळ, आणि त्यात माझं सगळं लिहिलेलं. आठवड्यानं या म्हणाले.

तो आठवडा कसा गेला ते सांगता येत नाही. जेवण गिळवायचं नाही. झोपेत मी हट्ट्याच्या घरात डालगी सरकवत असायचे. शाळेत हजेरी घेताना नाव उच्चारायचे आणि पुढचं विसरून जायचे. सगळ्यात वाईट म्हणजे घरातल्या वस्तूंकडं बघून मनात हिशेब सुरू व्हायचा. हे पातेलं माझ्यामागं कोण घासणार? ही मुलगी कुणाच्या हाताखाली जाईल? मिस्टरांचं वय काय, दुसरं लग्न करतीलच. मी त्या न आलेल्या बाईचा चेहराही रंगवून ठेवला होता.

बातमी कुठून फुटली माहीत नाही. आमच्या शेजारी एक ब्राह्मण कुटुंब होतं, मालक तहसीलमध्ये कारकून. त्यांच्या आजी एका सकाळी कागदाच्या पुडीत औंढ्याचा अंगारा घेऊन आल्या. त्या आमच्या उंबऱ्याच्या आत पहिल्यांदाच आल्या होत्या. "सुनेला लावा," त्या सासूबाईंना म्हणाल्या, "मी नागनाथाला बोलले आहे."

आमचं घर बौद्ध. सासूबाईंचं लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते, तेव्हा माझ्या सासऱ्यांनी घरातले देव टोपलीत भरून नदीत सोडले. टोपली सासूबाईंच्याच डोक्यावर होती. तेव्हापासून त्यांनी कुठल्या देवाला हात जोडला नव्हता. पौर्णिमेला विहारात जायच्या, वंदना म्हणायच्या, तेवढंच. त्यांनी पुडी घेतली, आजींना चहा दिला. आजी गेल्यावर त्या पुडी हातात धरून घरभर फिरल्या. फेकवेना आणि लाववेना. "म्हातारी औंढ्यापसून घेऊन आली," त्या म्हणाल्या. शेवटी पुडी त्यांनी मिठाच्या बरणीमागं ठेवली. मला म्हणाल्या, "असू दे. आपलं काय खाऊन राहिली का?"

त्याच आठवड्यात मी मुलीला स्वयंपाक शिकवायला घेतला. तिला समोर बसवून पीठ कसं मळायचं, कालवणाला मीठ किती, दूध उतू जाऊ नये म्हणून काय करायचं. वेणी स्वतःची स्वतः घालायला लावली. बारा वर्षांच्या पोरीला मी एका आठवड्यात सगळं शिकवायला निघाले होते. तिची भाकरी तव्यावर चिरली की मी ओरडायचे. एका संध्याकाळी मी तिला पाळीच्या वेळी काय करायचं, कपडे कुठं ठेवायचे हे सांगत होते. तिला पाळी अजून आलीही नव्हती. तिनं हातातली परात जमिनीवर आदळली.

"तू मरणार हाईस का?"

मी परात उचलून सरळ ठेवली.

"कोण म्हणालं?"

"आजीचे डोळे चांगले हाईत. तिनं काल सुईत दोरा ओवला. तू मरणार हाईस म्हणून मला सगळं शिकवून राहिली. मला न्हाई शिकायचं. मला काहीच न्हाई शिकायचं!"

मी तिला जवळ ओढायला गेले तर तिनं मला ढकललं. हात नेमका डाव्या बाजूला लागला. मी कळवळले. दुखलं म्हणून नव्हे, घाबरून. तिनं माझा चेहरा बघितला आणि तिला कुठं काय आहे ते कळलं. मग ती माझ्या कुशीत शिरून इतकी रडली की हुंदक्यांनी तिला ओकारी झाली. मी तिला सगळं सांगितलं. आईचं सोडून सगळं. ते सांगायला मला आणखी काही वर्षं लागली.

आठवड्यानं गेलो तर सर्जनसाहेब म्हणाले, "सुईत नीट काही आलं नाही. नुसतं रक्त आहे. गाठ काढून पूर्ण तपासायला पाठवावी लागेल."

मला ते कळेना. "म्हणजे आहे की नाही?"

"ते त्याशिवाय सांगता येणार नाही."

मी घट्ट मनानं निकाल ऐकायला गेले होते. चांगला नाहीतर वाईट. 'सांगता येणार नाही' हे उत्तर असू शकतं, हे माझ्या गावीच नव्हतं. सासूबाई पुढं सरकल्या. "साहेब, लागलं तर सगळं काढून टाका. आमाला काय शोभेला ठेवायचं हाय? पोरगी जगली पायजे."

आमाला, म्हणाल्या त्या. आणि पोरगी म्हणाल्या. पण मला तेव्हा 'सगळं काढून टाका' एवढंच ऐकू आलं. बाहेर आल्यावर मी त्यांच्याशी बोलले नाही. माझं वय पस्तीसच्या आत होतं. कापलेल्या जागेवर कसं दिसत असेल, तिथं मिस्टर बघतील का, ही लाज त्या भीतीच्या आतून वर येत होती, आणि मरणापुढं असलं काही मनात येतं म्हणून आणखी लाज वाटत होती.

गाठ काढली त्या दिवशी मी टेबलावर झोपले. तिथल्या सिस्टरनं माझे पाय धरले. जागा बधिर केली होती. कापलेलं कळत नव्हतं, पण ओढलेलं कळत होतं. डॉक्टरांनी ती गाठ बाटलीत टाकण्याआधी मला दाखवली. पांढरट, गोल, निरुपद्रवी दिसत होती. चिंचोकाही काळा असतो. ही तर गोरी होती.

पुन्हा वाट बघणं. या वेळी गाठ अंगात नव्हती, तिच्या जागी टाके होते, तरी माझा हात तिथंच जायचा. मिस्टर आता घरी आले की माझ्याजवळ येऊन नुसते बसायचे. एकदा म्हणाले, "काय बी निघालं तरी आपण मुंबईला जाऊ. मी चौकशी केली." त्यांनी चौकशी केली, म्हणजे त्यांनाही वाटतंय, असा अर्थ मी काढला आणि पाठ फिरवून भांडी आवरायला लागले. धीर दिला तरी भीती वाटायची, नाही दिला तरी वाटायची.

निकालाच्या दिवशी बाकावर ती किनवटची बाई पुन्हा भेटली. वाळली होती. डोळे मात्र तसेच. तिनं ओळखीचं हसून सासूबाईंना जागा करून दिली. आमचा नंबर आधी लागला.

सर्जनसाहेबांनी कागद बघितला. मी त्यांच्या भुवयांकडं बघत होते. त्या हलल्या नाहीत.

"साधी गाठ आहे," ते म्हणाले. "कॅन्सर नाही."

"नाही?"

"नाही."

"पण माझ्या आईला..."

"म्हणूनच दरवर्षी दाखवत राहायचं. पण ही गाठ साधी आहे."

मी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ते हसले. पहिल्यांदाच. सासूबाईंना उलगडा होत नव्हता. "म्हंजे आता अजून काय काढायचं?"

"काही नाही आजी. काढली की. संपलं."

त्यांनी कपाळावर हात मारला आणि मलाच रागावल्या. "मग उभी काय राहिली मास्तरीण? साहेबाच्या पाया पड!" सर्जनसाहेब 'अहो, नको' म्हणेपर्यंत त्याच वाकल्या होत्या.

मी बाहेर आले. ती बाई माझ्याकडं बघत होती. माझ्या तोंडावर जे आलं होतं ते मला लपवता येत नव्हतं, आणि तिच्यासमोर ते दाखवावंसंही वाटत नव्हतं.

"काय म्हणले?" तिनं विचारलं.

"साधी निघाली."

तिनं माझे दोन्ही गाल हातात घेतले. तळवे तापलेले होते. "बरं झालं गं बाई," ती म्हणाली. "लई बरं झालं. लेकरू हाय ना तुला?" मी मान हलवली. मला रडू फुटलं. तिला मात्र नाही. तिचा पुकारा झाला, भावानं तिला उठवलं, शाल सारखी करत ती आत गेली. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. पुढं तिचं काय झालं, मला कधीच कळलं नाही. कळलं नाही असं म्हणते, पण तो वास मला माहीत होता.

बसस्टँडवर मिस्टरांची गाडी लागलेली होती. ते दारात उभे राहून ओरडत होते, "कळमनुरी, हिंगोली! चला, हिंगोली!" गर्दीतून त्यांनी मला बघितलं. मी लांबूनच नाही अशी मान हलवली. नाही, म्हणजे तो रोग नाही. त्यांनी उलटं घेतलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, हातातली तिकिटांची पेटी खाली घसरली. मी धावत गेले. "नाही निघाला, अहो, नाही निघाला! साधी आहे." ते माझ्याकडं बघत राहिले. मग गाडीकडं तोंड करून पत्र्याला कपाळ टेकवून उभे राहिले. आतून कुणीतरी ओरडलं, "ओ कंडक्टर, गाडी कधी सुटन?" त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "बसा, बसा. सुटूनच राहिली."

सासूबाई त्यानंतर सात-आठ वर्षं होत्या. त्या मला मास्तरीणच म्हणत राहिल्या, पण माझ्या केसांना तेल त्या लावायला लागल्या, दर रविवारी, मी मागितलं नसताना.

भीती गेली असं मी म्हणणार नाही. ती कमी होते, आणि मग ताप येतो, काखेत एखादी पुळी येते, आणि ती पुन्हा आपल्या जागी येऊन बसते. मी दरवर्षी दाखवत आले. प्रत्येक वेळी बाकावर बसले की आधी वास घेते.

मुलगी पुढं परभणीला कॉलेजात गेली. एका सुट्टीत घरी आली असताना तिनं खोलीचं दार लावून घेतलं आणि म्हणाली, "आई, तुला कसं लागलं होतं बोटाला? मला दाखव. कसं बघायचं असतं?" तोपर्यंत मी तिला तिच्या हट्ट्याच्या आजीचं सगळं सांगितलं होतं. मी तिचा हात धरला, तीन बोटं जुळवली, गोल कशी फिरवायची ते दाखवलं. काखेतसुद्धा. ती छताकडं बघत बोटं फिरवत होती आणि मी तिच्या तोंडाकडं बघत होते.

"काही न्हाई लागत," ती म्हणाली.

"नीट बघ," मी म्हणाले. "दुसऱ्या बाजूला पण बघ."